खाऱ्या पाण्यातले हट्टी बुडबुडे

ऑनलाइन दुकानांवर हल्ली एक जाहिरात सारखी दिसते : ‘प्रोटीन स्किमर, गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांसाठी’. किंमत बेताची, फोटोत गोल्डफिश. नागपुरात मत्स्यालय ठेवणारे बहुतेक जण गोड्या पाण्याचेच, कारण समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे कुणीतरी हौसेनं ते यंत्र मागवतं, टाकीत बसवतं, आणि आठवडाभर घाणीचा फेस जमायचा वरचा कप कोरडा ठणठणीत राहतो. मग जाणकारांचा सल्ला तयार असतो : “मोटर लहान पडते राजेहो, मोठी लावा.”

मोटर मोठी लावून काही होत नाही. गोची पाण्यातच आहे.

स्किमरचं काम तसं साधं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळांनी सोडलेला चिकट स्राव यातून प्रथिनं आणि इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळत राहतात. ते तसेच राहू दिले तर जिवाणू त्यांचा अमोनिया करतात, त्याचं पुढे नायट्राइट आणि नायट्रेट होतं. स्किमर हा माल सडण्याआधीच उचलतो. त्यासाठी तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो. प्रथिनांच्या रेणूचा काही भाग जलस्नेही असतो आणि काही पाण्याला टाळणारा. अशा रेणूला बुडबुड्याचा पृष्ठभाग सापडला की तो तिथेच मुक्काम करतो, नावडता भाग हवेकडे आणि आवडता पाण्याकडे करून. बुडबुडा वर जाताना त्याला सोबत नेतो. वर अरुंद मानेत फेस साचतो, त्यातलं पाणी निथळून खाली जातं, आणि उरलेला घट्ट, तपकिरी, नाक मुरडायला लावणारा ऐवज कपात पडतो. बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला तांब्याचं खनिज दगडाच्या भुकटीपासून वेगळं करतात तेही फेसावर बसवूनच. तिथे रसायनं निराळी आणि टाक्या अवाढव्य, पण बुडबुड्याला चिकटेल ते वर आणि न चिकटेल ते खाली, हा हिशेब तोच.

पाण्याच्या पृष्ठभागावर कोण, किती दाटीनं बसतं हे पहिल्यांदा नीट मोजलं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स यांनी, घरातच बनवलेल्या पत्र्याच्या पन्हाळीत. विद्यापीठाचं शिक्षण त्यांना मिळालं नव्हतं. त्यांनी इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं आणि रॅलींनी ते १८९१ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापवून आणलं.

म्हणजे सगळा खेळ पृष्ठभागाचा. एक लिटर हवेचे पाच मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग भरतो १.२ चौरस मीटर. त्याच हवेचे एक मिलिमीटरचे बुडबुडे केले तर ६ चौरस मीटर, अर्ध्या मिलिमीटरचे केले तर १२. तासाला ६०० लिटर हवा ओढणारा स्किमर एक मिलिमीटरचे बुडबुडे करत असेल, तर तो दर तासाला जवळपास एक एकर नवा पृष्ठभाग पाण्यातून वर पाठवतो. बारीक बुडबुडा वर चढतोही सावकाश, त्यामुळे रेणूंना चिकटायला वेळ मिळतो. फार बारीक करूनही भागत नाही, कारण मग तो वर न जाता बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर टाकीत येतो आणि टाकी दुधाळ दिसू लागते. अर्धा ते एक मिलिमीटर ही सोयीची मर्यादा.

आता मिठाचं. दोन सारख्या बाटल्या घ्या, साबणाचा अंश नसलेल्या. दोन्हींत अर्धा-अर्धा लिटर पाणी भरा, वर भरपूर जागा ठेवा. एकीत तीन छोटे चमचे मीठ घाला, पूर्ण विरघळून पाणी निवळू द्या. दोन्ही बाटल्या एकदम जोरजोरात हलवा आणि उजेडासमोर धरा. साध्या पाण्यात मोठे बुडबुडे गुडगुडत वर जातात आणि पाणी बघता बघता स्वच्छ होतं. मिठाच्या पाण्यात मात्र बारीक बुडबुड्यांचा धुरकट ढग उठतो आणि काही क्षण रेंगाळतो. हलवणारा हात तोच, जोर तोच. साध्या पाण्यातही बारीक बुडबुडे झालेच होते, पण ते एकमेकांना भेटले आणि मिसळून मोठे झाले. मिठाच्या पाण्यात ते भेटले आणि मिसळले नाहीत.

शाळेत जे शिकलो त्यावरून खरं तर उलटं व्हायला हवं. पाण्यातल्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर थोडा ऋण विद्युतभार असतो. सारख्या भारांचे बुडबुडे एकमेकांना दूर लोटणार. पाण्यात मीठ घातलं की त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मधे येऊन हा भार झाकून टाकतात, दूर लोटणं कमी होतं, म्हणजे बुडबुडे जास्त सहज एकत्र यायला हवेत. नदीचा गाळ समुद्राला मिळाल्यावर नेमका असाच वागतो. गोड्या पाण्यात तरंगणारे मातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. बुडबुडे हा नियम धाब्यावर बसवतात.

दोन बुडबुडे जवळ आले की मधे पाण्याचा एक पातळ पापुद्रा उरतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर दाबल्यावर मधलं पाणी कडेनं निसटतं तसा तो पापुद्रा झिरपत पातळ होत जातो. काही डझन नॅनोमीटरपर्यंत आला की रेणूंमधलं आकर्षण भारी पडतं, पापुद्रा फाटतो आणि दोनाचा एक बुडबुडा होतो. वाहत्या, घुसळलेल्या पाण्यात दोन बुडबुड्यांची गाठ पडते ती जेमतेम काही मिलिसेकंद. तेवढ्यात पापुद्रा फाटला तर फाटला, नाहीतर बुडबुडे आपापल्या वाटेनं निघून जातात. म्हणजे मिठानं पापुद्रा कायमचा जपायची गरजच नाही, त्याचं झिरपणं थोडं लांबवलं की काम झालं.

ते कसं लांबतं? सोडियम आणि क्लोराइडचे आयन पृष्ठभागाशी लगट करत नाहीत, जरा आत राहतात, आणि त्यामुळे खाऱ्या पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ) साध्या पाण्यापेक्षा किंचित जास्त असतो. पापुद्रा वेगानं ताणला, पातळ झाला, की त्यातल्या मिठाचं वाटप जागोजागी बदलतं, आणि त्याबरोबर पृष्ठताणही. जिथे ताण जास्त तिकडे पृष्ठभाग ओढला जातो, आणि ही ओढ बाहेर निसटणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेनं काम करते. ओघ मंदावतो. एक स्पष्टीकरण असं आहे, आणि ते बऱ्याच क्षारांना लागू पडतं.

बऱ्याच, सगळ्यांना नाही! ऑस्ट्रेलियात व्हिन्सेंट क्रेग, बॅरी निनहॅम आणि रिचर्ड पॅशली यांनी १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यांनी क्षार आणि आम्लं एकेक करून तपासली. साधं मीठ, मॅग्नेशियम सल्फेट हे बुडबुड्यांना मिसळू देत नाहीत. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र काहीच अडवत नाही, आणि सोडियम असूनही सोडियम परक्लोरेट अडवत नाही. त्यांनी धन आयनांचे दोन गट पाडले, ऋण आयनांचे दोन. पहिल्या गटातला धन आयन पहिल्या गटातल्या ऋण आयनाबरोबर असला तर बुडबुडे वेगळे राहतात. दुसऱ्याची दुसऱ्याशी जोडी असली तरी वेगळे राहतात. गटांची अदलाबदल झाली की परिणाम गायब. म्हणजे एकटा आयन काही ठरवत नाही, जोडी ठरवते. हे असंच का, याचं सर्वांना पटलेलं उत्तर अजून नाही. मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच : समुद्राची लाट पांढरी का दिसते, या लहान मुलाच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही.

साध्या मिठाच्या बाबतीत हा बदल लिटरला साधारण सहा ग्रॅमच्या आसपास ठळक होतो. समुद्राच्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्यात अर्थातच एवढं मीठ कुठून येणार? कोई नावाच्या रंगीत कार्प माशांच्या तलावात प्रथिनं भरपूर साचली असली तर गोड्या पाण्यातही फेस थोडाफार धरतो, पण घरच्या गोल्डफिशच्या टाकीत नाही. ती जाहिरात इथेच निकालात निघते.

आता ज्यांची टाकी खाऱ्या पाण्याची आहे त्यांनी स्किमरमध्ये काय बदल करावा ते बोलू. बहुतेक घरगुती स्किमरच्या पंपात पात्यांऐवजी काट्यांचं चाक असतं. पंप एका बारीक नळीतून हवा ओढतो आणि काटे ती पाण्यात चिरडून बारीक करतात. हौशी मंडळींनी शोधलेला बदल असा, की काटे छाटायचे आणि त्या चकतीवर नायलॉनच्या गुंतागुंतीच्या धाग्यांची जाड जाळी बसवायची. उतारावरची माती धुपू नये म्हणून अंथरतात तशी जाळी यासाठी वापरतात. काट्यापेक्षा धाग्याच्या कडा कितीतरी जास्त, त्यामुळे हवा जास्त ओढली जाते आणि बुडबुडे बारीक होतात. जाळी गोल कापून, एकावर एक दोन थर देऊन, नायलॉनच्या दोऱ्यानं चकतीला शिवतात. धातूची तार चालत नाही, कारण ती खाऱ्या पाण्यात गंजते आणि त्यात तांबं असलं तर प्रवाळ आणि झिंगे मरतात. चाक तोलात हवं. एका बाजूला जाळी जड झाली तर पंप घरघरतो आणि सिरॅमिकचा दांडा तडकतो. जाळीची कड आणि पंपाची भिंत यांत जरा फट हवी. बदल जमला की नाही हे वॉटमीटर सांगतो. पंपात हवा वाढली की वीज कमी लागते, कारण हवा पाण्यापेक्षा हलकी. वॉट वाढले तर जाळी कुठेतरी घासतेय असं समजा.

अमेरिकन व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. हे पंप विजेच्या वारंवारितेशी जोडून फिरतात. तिकडे ६० हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ३६०० फेरे. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे ३०००. वेग पाच-षष्ठांश झाला की पंपाचा दाब त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे सुमारे ६९ टक्क्यांवर येतो. तीच जाळी, तोच व्यास, आणि इथे हवा कमी. चकती थोडी मोठी घ्यावी लागते किंवा स्किमर कमी खोल पाण्यात उभा करावा लागतो.

पंप सुधारला आणि बुडबुडे घुसळत, भोवरे करत वर गेले तर मानेतला फेस मोडतो. म्हणून पंप आणि मान यांच्या मधे भोकं पाडलेली ॲक्रिलिकची चकती बसवतात. वर जाणारा प्रवाह तिच्यावर शांत होतो. बाहेर जाणाऱ्या पाण्याला बॉल व्हॉल्व्हऐवजी गेट व्हॉल्व्ह लावावा. बॉल व्हॉल्व्हची मूठ केसभर हलली की पातळी बोटभर हलते, गेटची चाकी हळूहळू फिरवता येते.

नागपूरच्या एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. कोरड्या हवेत सम्पमधलं, म्हणजे स्किमर ठेवतात त्या खालच्या टाकीतलं, पाणी झपाट्यानं उडतं, सम्पची पातळी उतरते आणि स्किमरचं जुळवलेलं गणित बिघडतं. सकाळी दाट फेस, संध्याकाळी कप रिकामा. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. कूलरच्या टाकीला लावतात तसा फ्लोट इथे अगदी चपखल बसतो, इतवारी बाजारात सहज मिळतो, पण प्लॅस्टिकचाच घ्या, पितळी दांडीचा नको. त्याच कोरड्या हवेनं हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा जमतो. तेवढ्यानं हवा निम्मी होते आणि माणूस नवी मोटर शोधत हिंडतो. नळीतून कपभर कोमट गोडं पाणी ओढू दिलं की खडा विरघळतो. जाळीवर चुन्याचा थर बसला तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी.

उन्हाळ्यात स्किमरचा आणखी एक उपयोग होतो. २० अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. बुडबुड्यांनी निदान तेवढा तरी भरलेला राहतो. मे महिन्यात मासे पटापट मरतात तेव्हा घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, “घरावरचं संकट त्यानं आपल्यावर घेतलं.” वास्तूवाले तर आठ सोनेरी आणि एक काळा असा हिशेबही देतात. त्या माशानं संकट वगैरे काही घेतलेलं नसतं. भारनियमनात पंप तासन्‌तास बंद पडला, गरम पाण्यात श्वास पुरला नाही, अमोनिया चढला आणि तो मेला. वास्तूच्या सल्ल्याचे पैसे अमोनियाच्या टेस्ट किटला लावले असते तर तो जगण्याची शक्यता बरीच होती.

स्किमरकडून अपेक्षा मात्र बेतानं ठेवाव्यात. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरची मोजणी केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी जेमतेम २० ते ३५ टक्के स्किमर काढतात असं दिसलं, आणि महागड्या-स्वस्तातला फरक किमतीतल्या फरकाएवढा नव्हता. उरलेले रेणू बुडबुड्यावर बसतच नाहीत. अमोनिया, नायट्रेट यांना तर पाणीच प्रिय, ते फेसाकडे फिरकत नाहीत. तेव्हा पाणी बदलणं सुटत नाही.

जाळी बसवल्यावर पहिले काही दिवस फेस येत नाही म्हणून पुन्हा उघडू नका, नव्या प्लॅस्टिकवरचा तेलकटपणा जायला आठवडाभर लागतो. तेल हा फेसाचा शत्रू, हाताला क्रीम लावून टाकीत हात घातला तरी काही तास फेस येत नाही. आणि जाळीबिळी काहीच करायची नसेल तर मानेच्या आतला चिकट थर आठवड्यातून दोनदा कापडानं पुसून काढा. त्या थरावर फेस फुटतो आणि वर चढत नाही. पुसल्यावर त्याच रात्री कपात फरक दिसतो.