जेड लांबीनेच कापायचं? आधी भेग बघा

नाशिकच्या बेसॉल्ट खडकात झिओलाइट ही खनिजं सापडतात, जेड हे रत्न मात्र सापडत नाही. ते विकतच आणायचं, म्हणून वाया गेलेला काप खिशाला लागतो. तरी ‘लांबीने कापा, स्लॅब (दगडाचे चपटे काप) मोठे निघतात’ हा सल्ला फिरतोच. मोठे निघतात खरे, पण पातं भेगेला आडवं गेलं की तीच भेग प्रत्येक स्लॅबमध्ये उतरते. दगड भिजवून सुकू द्या. भेगेची रेघ सगळ्यात शेवटी सुकते. तिथेच पेन्सिल फिरवा आणि पातं तिला समांतर ठेवा, म्हणजे एखादाच स्लॅब जातो. कॅबोशॉनला (पैलू न पाडलेल्या घुमटाकार खड्याला) ६ ते ७ मिमी जाडी पुरते. नेफ्राइट या तंतुमय जेडमध्ये मांजरडोळ्याची चमक, म्हणजे खड्यावर उमटणारी उजेडाची रेघ, हवी असेल तर मात्र भेगेपेक्षा तंतू आधी: स्लॅब तंतूंना समांतरच हवा. आडवा कापलात तर कितीही पॉलिश करा, ती उजेडाची रेघ उमटत नाही.