झडप चिकटणे (विमानाचे पिस्टन इंजिन)

सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानाच्या इंजिनात एक्झॉस्ट झडपेचा (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) दांडा गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत वर-खाली सरकतो तिच्यात, अडकू लागणे. कॅमशाफ्ट, टॅपेट, पुशरॉड, रॉकर आणि झडपा (व्हॉल्व्ह) या, झडपा उघडणाऱ्या साखळीतला हा सर्वांत फसवा बिघाड, कारण तो दिसतो आणि आपोआप नाहीसाही होतो. सकाळी थंड इंजिन सुरू केले की एक सिलिंडर काम सोडतो, विमान थरथरते, थोडे तापले की सगळे सुरळीत. मेकॅनिकांच्या बोलीत हा ‘मॉर्निंग सिकनेस’. ‘आता नीट चालतंय’ म्हणून तसेच उड्डाण करणे ही घोडचूक ठरते. झडप बंद स्थितीत पक्की अडकली तर पुशरॉड वाकतो, त्याभोवतीची नळी फुटून तेल गळू शकते, आणि हे सारे हवेत घडते.

नवी मुंबई विमानतळावर (उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५) येणाऱ्या जेट विमानांत ही यंत्रणाच नसते. ती शिकावी लागते पिस्टन विमानांच्या बी१.२ परवान्यासाठी. ठाणे, डोंबिवली, वाशीकडची जी मुले हा अभ्यास करतात, त्यातली बरीच बाइकवर हात बसवून आलेली असतात. वागळे इस्टेटच्या गॅरेजात ‘टॅपेट वाजतोय’ म्हटले की फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून स्क्रू फिरवला, काम झाले. लायकमिंग या कंपनीच्या ओ-३२० किंवा ओ-३६० या विमान इंजिनांत टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे असतात, फिरवायला स्क्रूच नसतो. टॅपेटमधले तेल काढून मोजलेली रॉकर आणि झडपेच्या दांड्यामधली फट ०.०२८ ते ०.०८० इंच असावी लागते. ती बसत नसेल तर वेगळ्या लांबीचा पुशरॉड घालायचा.

चिकटण्याचे मूळ गाइडमध्ये साचलेल्या थरात असते: जळलेल्या तेलाचा कार्बन आणि इंधनातले शिसे. एव्हगॅस १००एलएल (पिस्टन विमानांचे पेट्रोल) या नावातला ‘एलएल’ शिसे कमी असल्याचे सांगतो, नसल्याचे नव्हे. सिलिंडरभोवतीचे बॅफल (थंड हवा सिलिंडरकडे वळवणारे पडदे) फाटून थंडावा कमी पडला किंवा तेल वेळेवर बदलले नाही, तर थर लवकर जमतो. फिल्टर असलेल्या इंजिनात तेल बदलण्याची मुदत ५० तास किंवा चार महिने, जे आधी येईल ते.

तपासताना डिफरन्शियल कॉम्प्रेशन चाचणीत (सिलिंडरमधून हवा किती गळते ते पाहणारी) सिलिंडरला ८० पीएसआय दाबाची हवा देतात आणि कान लावतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट झडप, कार्बुरेटरकडून आली तर इनटेक, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग. मात्र चिकटणारी झडप या चाचणीत निर्दोष दिसू शकते. तिच्यासाठी दांडा गाइडमध्ये किती हलतो ते मोजावे लागते. लायकमिंगचे सर्व्हिस बुलेटिन ३८८ (कंपनीचे देखभाल सूचनापत्रक) त्यासाठीच आहे. बोअरस्कोपने (प्लगच्या भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा) झडपेचा चेहराही पाहावा. रंगांची वर्तुळे एकसारखी असतील तर ठीक, कडेच्या एकाच भागाचा रंग वेगळा असेल तर झडप तिथे जळू लागली आहे.

दुरुस्तीसाठी सिलिंडर उतरवावाच लागतो असे नाही. प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत भरून पिस्टन वर आणतात. दोरी झडपेला आधार देते, तेवढ्यात स्प्रिंग काढतात. मग दोरी काढून झडप सिलिंडरमध्ये सोडतात, रीमरने (भोक खरवडणारे धारदार हत्यार) गाइड साफ करतात आणि झडप परत ओढून घेतात. ही कामे परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावीत.

याच साखळीतल्या कॅमशाफ्टचा शत्रू वेगळा: गंज. लायकमिंगचा कॅम क्रँकशाफ्टच्या वर असतो, त्यामुळे विमान उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते. खाडीकाठच्या पावसाळी हवेत तर ही काळजी दुप्पट. जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवल्याने उलट आत पाणी साचते. तासभराचे उड्डाण हवे, तेल ७५ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले. तेल बदलताना फिल्टर कापून उघडावा. कॅम झिजू लागला की लोखंडाचे कण आधी तिथे सापडतात, चुंबकाला चिकटणारे.