फिट आणि विसर : अपस्माराची पार्श्वभूमी

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारा हा डॉक्टर ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेला. त्यांच्या गौरवाच्या भाषणांत मी हा उल्लेख क्वचितच ऐकला आहे. आपल्याकडे फिट लपवायची असते. मग तिच्यासोबत येणारा विसर कोण बोलून दाखवणार?

खरं तर आजाराच्या नावातच आठवण आहे. चरकसंहिता अपस्माराचं वर्णन स्मृती, बुद्धी आणि सत्त्व ढळणं असं करते. तिथे रोख झटक्याच्या वेळच्या अंधारावर आहे. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांतही कालचा निरोप, औषधाची वेळ मनातून का निसटते, याचं उत्तर मिळायला फार काळ गेला.

१८२५ मध्ये बूशे आणि काझोव्हिए या फ्रेंच डॉक्टरांना अपस्माराच्या काही मृत रुग्णांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस कडक झालेला आढळला. हा भाग कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत खोल असतो, आकार समुद्रघोड्यासारखा. १८८० मध्ये विल्हेल्म सोमर यांनी त्यातल्या नेमक्या कोणत्या पट्ट्यातल्या पेशी जास्त मरतात ते दाखवलं. पण हा भाग करतो काय, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका माणसाच्या फार मोठ्या नुकसानीतून. १९५३ मध्ये अमेरिकेत २७ वर्षांच्या हेन्री मोलेसन यांच्या फिट थांबाव्यात म्हणून विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण साठणंच बंद झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्यांना तपासायला येत, आणि दर वेळी त्यांना त्या नव्यानेच भेटत. तरी आरशात बघून चांदणी गिरवण्यात मोलेसन यांचा हात रोज सुधारत गेला. आदल्या दिवशी सराव केल्याचं मात्र त्यांना आठवत नसे. आपल्या यंत्रमागावर तुटलेली तार सांधणारा कारागीर डोळ्यांसमोर आणा: बोटांची ती सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते, मालकाचा सकाळचा निरोप वेगळ्या. मोलेसन २००८ पर्यंत जगले आणि पुन्हा पुन्हा तपासणीला बसले. त्यांचं ऋण मोठं आहे.

पुढे एमआरआय आल्यावर जिवंत माणसाचा हिप्पोकॅम्पस मोजता येऊ लागला. २०१८ मध्ये १४ देशांतल्या २,१४९ रुग्णांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. मेंदूच्या मध्यातला थॅलॅमस हा भाग लहान, मेंदूची साल काही ठिकाणी पातळ, असे बदल दूरवरच्या भागांतही दिसले. म्हणजे हिप्पोकॅम्पस ज्यात असतो त्या टेम्पोरल लोबवर सगळं खापर फोडता येत नाही. शिवाय काही औषधं, अपुरी झोप, खचलेलं मन यांनीही विसर वाढतो. घरात 'लक्षच नसतं हिचं' म्हणून जिला बोलणी बसतात, तिची तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

आता अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी स्मरणशक्ती तपासतात. शब्दांची यादी ऐकवायची आणि थोड्या वेळाने परत विचारायची. बहुतेकांमध्ये शब्दांची आठवण मेंदूच्या डाव्या बाजूवर जास्त अवलंबून असते; ती बाजू नीट तपासायची, म्हणून ही यादी रुग्णाच्या घरच्या भाषेत लागते. सोलापुरात ती भाषा मराठी असेल, तेलुगू असेल, कन्नड असेल, नाहीतर उर्दू.