गोधडी बिघडली असं वाटतंय? आधी हे वाचा

(आमच्याकडून गोधडीचं सामान नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

सामान नेलेले बरेच जण काही आठवड्यांनी पुन्हा दुकानात येतात. पिशवीत अर्धी शिवलेली गोधडी असते. ती काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." आम्ही उलगडून बघतो, तर नव्वद टक्के काम छान झालेलं असतं. कुठेतरी एक झोळ, एखादी तिरकी ओळ, नाहीतर चुकून कापला गेलेला तुकडा. तेवढ्यानं मन उडालेलं असतं. जे दुकानापर्यंत येत नाहीत त्यांची गोधडी माळ्यावर जाते, आणि आम्हाला खरी काळजी त्यांचीच वाटते. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

त्या रात्री काहीही उसवू नका

चूक लक्षात येते ती बहुधा रात्री, घर झोपल्यावर, दमलेल्या डोळ्यांना. राग आलेला असतो आणि कात्री हाताशी असते. अशा वेळी उसवताना कापडालाच कात्री लागते. टाक्याची चूक दुरुस्त होते, पण फाटलेल्या लुगड्याचं काम वाढतं. म्हणून सुई टोचून ठेवा, घडी घाला आणि झोपा.

दुसऱ्या दिवशी उजेडात गोधडी पलंगावर अंथरा आणि खोलीच्या दारात जाऊन तिथून बघा. शिवताना आपलं नाक कापडापासून वीतभर अंतरावर असतं, तिथून प्रत्येक टाका डोळ्यांत खुपतो. गोधडी पांघरणारा माणूस तिच्याकडे तसं कधीच बघत नाही. मोबाईलवर एक फोटो काढलात तर आणखी बरं. छोट्या चित्रात जी चूक शोधावी लागते ती तशीच सोडून द्यायला आमची हरकत नाही, तुमचीही नसावी. धावदोऱ्याचे टाके लहानमोठे होणं आणि ओळ जराशी वाकणं हे यातच मोडतं. हाताने भरलेल्या गोधडीत टाके एकसारखे नसतातच.

झोळ आला असेल तर

हा दोष मात्र तसाच ठेवू नका, कारण धुतल्यावर तो वाढतो. मधेच कापडाचा फुगा आला किंवा अस्तराला चुण्या पडल्या, की समजायचं की टाचण कमी पडलं. हाताने शिवत असाल तर मधून कडांकडे किंवा कडेकडून मधे, जी दिशा धरली असेल ती शेवटपर्यंत सोडू नका. चारी बाजूंनी थोडं थोडं शिवत गेलं की जास्तीचं कापड मधे अडकतं आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

मशीनवर शिवणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. त्याचं कारण कळलं की स्वतःला दोष देणं बरंचसं थांबतं. मशीनचे खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरच्या थराला दाबून धरतो. त्यामुळे दर ओळीत वरचं कापड किंचित मागे राहतं आणि ओळ संपेपर्यंत त्याची चुणी होते. मशीनच्या या वरच्या पायाचा दाब कमी करा, टाका मोठा घ्या, सुई चौदा किंवा सोळा नंबरची लावा आणि टाचण तळहाताएवढ्या अंतरावर घाला. सगळे थर एकाच वेगाने ओढणारा वेगळा पाय मिळतो. तुमच्या मशीनला तो बसतो का, ते दुकानात विचारा.

झोळ काढायला अख्खी गोधडी उसवावी लागत नाही. झोळाच्या दोन्ही अंगांच्या दोन-तीन ओळी मोकळ्या करा, कापड हाताने सरळ करा, पुन्हा टाचा, मगच शिवा. मशीनचा टाका उसवताना मागच्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका तोडा, म्हणजे पुढचा दोरा अख्खा निघून येतो. हाताचा टाका सुईच्या मागच्या टोकाने एकेक उचला. जुन्या कापडातून लांब दोरा खेचू नका, कापड चिरतं. उसवल्यावर राहिलेल्या भोकांवर पाण्याचा हात फिरवा, नखाने आडवं-उभं चोळा आणि इस्त्री करा. सुती कापडात भोकं बरीचशी मिटतात.

आजीचं लुगडं चुकीचं कापलं

सर्वांत जास्त डोळ्यांत पाणी आणणारी चूक हीच. नवं कापड पुन्हा विकत मिळतं, गेलेल्या माणसाचं लुगडं मिळत नाही. याचं दुःख आम्ही कमी लेखत नाही.

पण नऊवारीत आठ मीटरच्या आसपास कापड असतं. तुकडा आखूड कापला गेला असला, तरी उरलेल्या लुगड्यात त्याची सोय असते. आधी ते लुगडं खिडकीसमोर उजेडात धरा. जिथून उजेड आरपार दिसतो तिथलं कापड नेसून नेसून विरलेलं असतं, ते वरच्या थराला घेऊ नका. पदराचा भाग बहुतेक वेळा जास्त धड असतो. जो भाग विरलाय पण टाकवत नाही, त्याच्या खाली मलमल लावून मग शिवा. आखूड तुकड्याला त्याच लुगड्याच्या काठाची पट्टी जोडली तर माप भरून निघतं.

इथे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या कवंदीची, म्हणजे त्यांच्या गोधडीची, आठवण येते. त्या आधी तुकडे मापून कापून जोडत बसत नाहीत. खालच्या कापडावर कडेपासून सुरुवात करतात, एकेक तुकडा ठेवतात, त्याची कड दुमडतात आणि धावदोरा घालत घालत मधे सरकतात. एखादा तुकडा कमी भरला तर पुढचा मोठा घेतात, दोन तुकड्यांच्या मधे फट राहिली तर तिथे तिसरा येतो. अशा कामात कमी पडलेल्या तुकड्याला चूक म्हणायची वेळच येत नाही. तुमच्या गोधडीत जिथे कापड चुकून कापलं गेलं आहे तिथे असंच एक ठिगळ लावून बघा. ते लपवायच्या भानगडीत पडू नका, उठून दिसेल असा रंग घ्या आणि तसंच एखादं ठिगळ आणखी दोन ठिकाणी लावा.

खणाचे तुकडे वापरणाऱ्यांना एक सूचना: खणाच्या कडा पटकन सुटतात. शिवणीत अर्धा इंच तरी दाबून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यातच तुकडा निसटेल. तसं झालं तर तुमचा टाका वाईट नव्हता, दाब कमी होता.

रंग उतरला

एका ताईंनी नातवासाठी दुपटं शिवलं होतं, पांढऱ्या मलमलीवर मरून चौकोन. पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर गुलाबी ढग उमटले. त्या ते उन्हात न घालता ओलंच पिशवीत घालून दुकानात घेऊन आल्या, आणि तेच बरं झालं. सुटलेला रंग वाळला नाही तोवर निघायची आशा असते.

तुमच्याकडेही असं झालं तर वाळवू नका आणि इस्त्री तर मुळीच करू नका. मोठ्या टबात किंवा पिंपात भरपूर पाणी घ्या, साबणाची पावडर विरघळवा आणि कापड त्यात मोकळं तरंगेल असं बुडवून ठेवा. पाणी रंगलं की बदला. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहायचं, मग त्यात रात्र गेली तरी चालेल. मिठाच्या पाण्यावर भिस्त ठेवू नका, सुटलेला रंग मिठाने परत बसत नाही. पुढच्या वेळी लाल, मरून आणि गडद निळं कापड कापण्याआधीच वेगळं धुऊन घ्या. तसं धुतल्याने नवं सुती कापड आटायचं तेही आधीच आटून जातं. त्या ताईंच्या दुपट्याच्या एका कोपऱ्यात थोडी गुलाबी छटा राहिली, बाकी पांढरं निघालं. दुपटं वापरात आहे.

पुन्हा हातात घ्यायची कशी

आमच्या अनुभवात दुरुस्तीपेक्षा हे जास्त अवघड असतं. गोधडी माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी ठेवू नका. खुर्चीच्या पाठीवर टाका, जाता-येता दिसू दे. पुन्हा बसाल तेव्हा बिघडलेल्या जागेपासून सुरुवात करू नका. जिथे काम चांगलं झालंय त्याच्या शेजारची एक ओळ भरा. हाताला लय आली की मग दुरुस्तीकडे वळा. दोरा हातभरच घ्या आणि मेणावरून ओढून घ्या. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि आधीच खचलेल्या मनाला एक गाठही पुरते.

शक्य असेल तर एकटीने बसू नका. गोधडी जमिनीवर अंथरून चार बाजूंना चार जणी बसायच्या ती पद्धत कापड ताणलेलं राहावं म्हणून होतीच, पण शेजारीण "अगं, एवढं काय त्यात" म्हणायला हजर असायची, याचाही उपयोग व्हायचा. शेजारीण नसेल तर घरातल्या कुणालाही दोरा ओवायला बसवा. मुलंसुद्धा आवडीने ओवतात.

दुकानात आणाल तेव्हा

अडलेली गोधडी आम्ही बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. दुरुस्ती शक्यतो तुमच्याच हातून करून घेतो, फक्त फाटलेलं कापड रफू करायचं असेल तर ते काम ठेवून घेतो आणि त्याचा खर्च आधी सांगतो. येताना उरलेले सगळे तुकडे आणा, अगदी चिंध्यासुद्धा. त्याच कापडाचं ठिगळ त्यातूनच निघतं. अर्धवट उसवलेले दोरे तोडू नका, तसेच राहू द्या, म्हणजे कुठून काय झालं ते आम्हाला दिसतं. रंग उतरला असेल तर गोधडी ओली असतानाच आणा. बाकी कोणत्याही कामासाठी मात्र कोरडी आणा.