सहा सेंटिमीटरचं झाड

आल्प्समध्ये उंचावरच्या घळींत जुलै उजाडला तरी बर्फाचा एखादा पट्टा शिल्लक असतो. त्याच्या कडेची जमीन वितळलेल्या पाण्यानं लदलदलेली, काळपट, शेवाळानं झाकलेली. त्या शेवाळातून नखाएवढी गोल, तकतकीत पानं वर आलेली दिसतात. कडा बारीक दातेरी, शिरांचं जाळं स्पष्ट. पानं इतकी जमिनीलगत आणि इतकी दाट असतात, की त्यांच्यावर पाय ठेवून पुढे गेलेल्या माणसाला आपण एका विलोच्या, म्हणजे वाळुंजाच्या जातकुळीतल्या झाडाच्या, शेंड्यावरून चालत आलो याचा पत्ताही लागत नाही.

हा बुटका विलो, सॅलिक्स हर्बेशिया. त्याचे काही भाऊबंद नदीकाठी वीस मीटरपेक्षाही उंच वाढतात, याची उंची मात्र १ ते ६ सेंटिमीटर. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस १७३२ साली, ऐन पंचविशीत, उत्तर स्कँडिनेव्हियातल्या लॅपलंडच्या डोंगरांत हिंडला होता. त्यानं या विलोला झाडांमधलं सर्वांत लहान झाड ठरवलं आणि १७५३ मध्ये त्याचं आजचं शास्त्रीय नाव छापलं. काटेकोर बोलायचं तर हे झुडूप आहे. पण झाड म्हणजे नेमकं काय याची व्याख्या तशीही फार घट्ट नाही, त्यामुळे मी लिनियसच्या बाजूनं.

झाडपण शोधायचं असेल तर वर न बघता खाली बघावं लागतं. शेवाळाचा थर थोडा बाजूला सारला की मातीत आडवं पसरलेलं, तपकिरी, लाकडी खोड सापडतं. त्याला फांद्या फुटतात, त्या फांद्यांना मुळं फुटतात, आणि फांदीचं फक्त टोक दोन-तीन पानं घेऊन उजेडात येतं. म्हणजे वर दिसतात ती शेकडो वेगळी रोपं नसून अनेकदा एकाच झाडाची टोकं असतात. मधला जुना भाग कुजला तरी कडेचे तुकडे वाढतच राहतात, आणि असं एखादं झाड शेकडो वर्षं टिकू शकतं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बऱ्याच ठिकाणी माद्यांची संख्या स्पष्टपणे जास्त भरते. परागीभवन वारा आणि कीटक दोघांकडूनही होतं, फळं पिकताना लालसर होतात आणि कापसासारखे तंतू असलेलं बी वाऱ्यावर निघून जातं.

एवढं खुजं राहण्याचं कारण थंडी आहे, पण ती थंडी लोकांना वाटते तशी काम करत नाही. पानं गारठ्यातही प्रकाशसंश्लेषण करू शकतात, साखर तयार होते. अडतं ते त्या साखरेतून नवीन पेशी आणि लाकूड घडवणं. तापमान साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हे बांधकाम जवळजवळ थांबतं. जगभरातल्या डोंगरांवर उंच झाडांची हद्द जिथे संपते, तिथे वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास असतं, मग तो डोंगर विषुववृत्ताजवळचा असो की उत्तरेकडचा. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात उभा असतो, त्यामुळे हवेचं जे तापमान तेच त्याचं. जमिनीला चिकटलेल्या पानांवरून मात्र वारा वरच्या वर निघून जातो. ऊन पडलं की माती आणि पानं तापतात आणि ती ऊब लगेच उडून जात नाही. स्वच्छ उन्हाच्या दुपारी या पानांचं तापमान हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त असू शकतं. विलो डोंगरावरच असतो, पण डोंगराच्या हवेत नसतो.

हिवाळ्याचा प्रश्न बर्फ सोडवतं. एक-दीड मीटर बर्फाखाली जमिनीचं तापमान शून्याच्या आसपासच रेंगाळतं, मग वर हवेत उणे वीस का असेना. हे पांघरूण फार जाड असेल तर ते उशिरा निघतं, आणि पानं, फुलं, फळं हे सगळं उरकायला दोन-तीन महिनेच हातात राहतात. म्हणून विलो आदल्या उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार करून ठेवतो. बर्फ सरकलं की काही दिवसांत पानं उलगडतात. नव्यानं सुरुवात करायला इथे कुणालाच सवड नसते.

मातीतून अन्न मिळवायला त्याला बुरशीची साथ असते. मुळांच्या टोकांवर बुरशीचं आवरण चढतं, ती नायट्रोजन आणि फॉस्फरस ओढून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. मोठ्या जंगलातल्या बर्च-पाइनचा कारभार असाच चालतो. फरक इतकाच, की इथे उन्हाळ्याच्या शेवटी याच बुरशीची छत्रं वर येतात ती झाडापेक्षा उंच असतात. स्कॉटलंडच्या माथ्यांवर अमानिटा निवॅलिस ही पांढुरकी अळंबी या विलोच्या सोबतीनं उगवते. अळंबीच्या सावलीत झाड, हा प्रकार जगात फार ठिकाणी बघायला मिळत नाही.

हवामान तापू लागलं तर अशा थंडीतल्या झाडाचं भलंच होईल, असा अंदाज सहज बांधला जातो. स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळच्या डोंगरांवर संशोधकांनी लवकर आणि उशिरा बर्फ वितळणाऱ्या जागांवरचे विलो काही वर्षं शेजारी शेजारी तपासले. बर्फ लवकर जातं तिथे हंगाम लांबतो, पण झाडांची अवस्था सुधारत नाही, उलट ढासळते. एक कारण सरळ आहे. पांघरूण मेमध्येच निघालं तर कोवळी पानं उघडी पडतात, आणि मे-जूनमधल्या निरभ्र रात्री अजून गोठवणाऱ्याच असतात. जगाची सरासरी वाढते तेव्हा या झाडाच्या वाट्याला प्रत्यक्षात जास्त कडाक्याच्या रात्री येऊ शकतात. शिवाय हंगाम लांबला की पानं खाणाऱ्या किड्यांना आणि रोगाच्या बुरशीलाही जास्त दिवस मिळतात.

माझ्या मते मोठा धोका मात्र शेजाऱ्यांचा आहे. उशिरा बर्फ जाणाऱ्या ओल्या खळग्यांत गवतं आणि उंच झुडपं टिकत नाहीत, कारण त्यांना तो हंगाम पुरत नाही. विलोची सगळी मक्तेदारी याच अडचणीवर उभी आहे. अडचण हटली की गवतं आत शिरतात, आणि सहा सेंटिमीटरच्या झाडाला सावलीत टाकायला गुडघाभर गवतही लागत नाही.

तसं स्थलांतर त्याला नवं नाही. हिमयुग ओसरत असताना साचलेल्या तळ्यांच्या गाळात, ब्रिटन आणि डेन्मार्कच्या सखल भागांतही, याची पानं जशीच्या तशी सापडतात. तेव्हा तो मैदानांत पसरला होता. हवा तापत गेली तसा तो उत्तरेकडे आणि डोंगरांवर उंच सरकला. आज तो आल्प्स, पिरेनीज, स्कँडिनेव्हिया, आइसलंड, ग्रीनलंड, पूर्व कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या काही शिखरांवर आहे. आल्प्समध्ये अजून वर सरकायला जागा आहे. स्कॉटलंडमध्ये सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस, त्याची उंची १३४५ मीटर, आणि तिथल्या डोंगरमाथ्यांवर हा विलो आधीच पोचलेला आहे.