पाव मैलाच्या वेगावरून अश्वशक्ती

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्यांच्या इंजिनांवर खटपट करून त्या कोरड्या तळ्यांवर पळवत. 1950 मध्ये सांता आनाच्या विमानतळावर ड्रॅग रेसिंगची, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत ठरलेलं अंतर कापण्याच्या शर्यतीची, पट्टी सुरू झाली, 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) ही या शर्यतींची संघटना काढली आणि पाव मैल, म्हणजे 1,320 फूट, हे अंतर रुळलं. गाडीचं वजन काट्यावर कळे, वेग पट्टीवर. इंजिनाची ताकद मोजणारा डायनो मात्र मोजक्यांनाच परवडे.

ही अडचण रॉजर हंटिंग्टन या मोटार-लेखकाने सोडवली. अनेक गाड्यांचे आकडे मांडल्यावर त्यांना दिसलं, की अश्वशक्तीला वजनाने भागून घनमूळ काढलं आणि त्याला 225 ने गुणलं, की शेवटच्या रेषेवरचा वेग मिळतो. पुढे पॅट्रिक हेल यांनी 234 हा गुणक वापरला. चालकासकट 3,500 पौंडांची गाडी ताशी 100 मैलांनी रेषा ओलांडते असं धरा. 100 भागिले 234, त्याचा घन, गुणिले वजन: 273 अश्वशक्ती. जुन्या गुणकाने हाच आकडा 307 येतो. एवढा फरक पडतो, म्हणून गुणक कोणता ते सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

घनमूळच का, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. जेफ्री फॉक्स यांनी 1973 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये ड्रॅग रेसिंगवर लेख लिहिला. इंजिन सतत सारखीच शक्ती देतं असं मानलं, की ठरलेल्या अंतरावर वेगाचा घन शक्ती भागिले वजन याच्या प्रमाणात येतो. काहीच वाया गेलं नाही तर गुणक 281 च्या आसपास निघतो. टायरची घसरण, गिअर बदलताना जाणारा वेळ आणि हवेचा विरोध यांनी तो खाली येतो. पट्टीवरच्या लोकांनी आधी हिशेब बसवला, शास्त्र मागून आलं; मला या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

लागलेल्या वेळेवरूनही अश्वशक्ती काढतात, पण सुटताना चाकं घसरली की सेकंद वाढतात. रेषेवरच्या वेगाला त्याचा फटका कमी बसतो, म्हणून तोच जास्त भरवशाचा.

साठच्या दशकात या हिशेबाला वेगळीच धार आली. एनएचआरएचे स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आल्या तशा गाड्यांचे, वर्ग वजन भागिले अश्वशक्ती यावर ठरत, त्यामुळे कागदावर कमी ताकद दाखवणं फायद्याचं होतं. फोर्डच्या 428 कोब्रा जेट या इंजिनाची नोंद 335 अश्वशक्ती होती. जाणकारांना ती पटली नाही. पुढे एनएचआरए कंपनीचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा लावू लागली. 1972 पासून अमेरिकी कंपन्या सुट्या इंजिनाऐवजी एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर जोडलेल्या इंजिनाची अश्वशक्ती छापू लागल्या. त्याआधीच्या गाडीचा हिशेब करताना ब्रोशरमधला आकडा जुन्या मोजणीचा आहे, हे आधी पाहावं लागतं.