सेल्फ: हँडलपासून चावीपर्यंत

आमच्या बेळगावकडं गाडी सुरू होईना की पहिलं वाक्य ठरलेलं: "सेल्फ घेईना." खानापुरात तेच, निपाणीत तेच. 'सेल्फ-स्टार्टर', म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, यातला स्टार्टर कधीच गळून पडला, सेल्फ तेवढा राहिला. म्हणजे गाडी आपली आपण सुरू होते, याचंच एके काळी अप्रूप होतं.

त्याआधी इंजिन हातानं फिरवायला हँडल मारावं लागे. जुनी जीप किंवा अँबेसिडर हाताळलेल्यांना पुढून हँडल घालायचं भोक आठवत असेल. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल मागं फिरायचं आणि अंगठा नाहीतर मनगट जायचं. मनगटाच्या एका फ्रॅक्चरला हाडांचे डॉक्टर आजही 'शोफर (म्हणजे ड्रायव्हर) फ्रॅक्चर' म्हणतात, ते यावरूनच.

यावर तोड काढली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं. 1912 च्या कॅडिलॅकला त्याचा विजेवरचा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र 1919 पर्यंत थांबावं लागलं. केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि तिथं त्यानं गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवली होती. गल्ल्याची मोटर दिवसभर थोडीच फिरते? क्षणभर जोर लावायचा की काम झालं. गाडीलाही तीच युक्ती लागू पडली. लहान मोटर घ्यायची, तिला एरवी झेपेल त्याहून जास्त करंट काही सेकंदच द्यायचा आणि ती तापायच्या आत सोडून द्यायचं. दहा सेकंदांवर चावी धरू नको असं मेकॅनिक ओरडतो, त्याचं मूळ इथं आहे.

भारतात 1961 मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि सेल्फ, बॅटरी चार्ज करणारे डायनामो इथंच बनू लागले. तरी आमच्या भागातले वडाप (माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणारे) जीपवाले रात्री गाडी उताराला तोंड करूनच लावायचे. बॅटरीचा भरवसा कुणाला!

आता खरं दुखणं. छोट्या कारचा सेल्फ सुरू होताना दीडशेच्या आसपास अँपिअर ओढतो. वाटेत कुठं 0.02 ओहमचा अडथळा असला, तर तिथंच 3 व्होल्ट जातात. 12 व्होल्टच्या गाडीत मग उरतं काय? दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि चावी फिरवली की नुसतं 'टक्'. म्हणून माझं मत असं की घरी सेल्फ बदलायला बसणाऱ्यानं पान्याआधी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर हातात घ्यावा. बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर आधी बॅटरी बघायची. बॅटरी ठीक असेल तर मल्टिमीटरचं एक टोक तिच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं की अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची गाडीच्या धातूशी असलेली जोडणी, गेलं.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं. खानापूरच्या पावसात एकदा गाडी अडली. मी घरी निगेटिव्ह काढून, गाडीखाली झोपून दोन बोल्ट सोडवले, नवा सेल्फ चढवला. परत तेच 'टक्'. अर्थची पट्टी चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जिथं टेकते तिथं गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट आवळला, पहिल्या सेल्फला गाडी सुरू. काढलेला जुना सेल्फ अजून माळ्यावर आहे, बॅटरीला लावला की झकास फिरतो.